शेजारच्या वाटेने जाणारा प्रकाश

साताऱ्याहून सांगलीला फोन केला, तर आवाजाचा मधला बराचसा प्रवास काचेच्या तंतूतून, प्रकाशाच्या रूपाने होतो. रस्त्याचे अंतर साधारण १२० किलोमीटर. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एवढ्या अंतराला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. प्रकाश वाटेत बाहेर का पडत नाही? दहावीचा विद्यार्थीही सांगेल : पूर्ण आंतरिक परावर्तन.

हेच तत्त्व वापरून आता सिलिकॉन या अर्धवाहकाच्या चकतीवर प्रकाशाच्या वाटा कोरतात. १.५५ मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाला सिलिकॉन पारदर्शक असते. त्याचा अपवर्तनांक सुमारे ३.४८, तर भोवतीच्या सिलिकाचा १.४४. त्यामुळे क्रांतिक कोन जेमतेम २४ अंश येतो आणि अर्धा मायक्रॉन रुंदीच्या वाटेतही प्रकाश कोंडून राहतो.

पण अशा दोन वाटा ०.२ मायक्रॉन अंतरावर समांतर ठेवल्या, की एकीतला प्रकाश काही अंतरानंतर दुसरीत गेलेला दिसतो! मग परावर्तन ‘पूर्ण’ कसे?

ऊर्जा पूर्ण परत येते, हे खरेच आहे. मात्र तरंग सीमेवर एकदम तुटत नाही. त्याचे क्षेत्र बाहेर थोडे पसरलेले असते आणि अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होत जाते. बाहेर दुसरे काहीच नसेल, तर त्यातून ऊर्जा निसटत नाही. शेजारी तशीच दुसरी वाट असेल, तर मात्र या पसरलेल्या क्षेत्रामुळे तिच्यात तरंग निर्माण होतो. यालाच युग्मन म्हणतात.

हे वर्गात दाखवता येते. दोन खुर्च्यांमध्ये दोरी थोडी सैल बांधा. तिला सारख्या लांबीचे दोन दोलक टांगा आणि एकालाच दोरीशी काटकोनात झोका द्या. हळूहळू पहिला थांबेल व दुसरा झोके घेऊ लागेल. मग पुन्हा उलट. दोरी ताणली, की ही देवाणघेवाण मंदावते. दोलकांच्या लांबीत फरक केला, तर पहिला पुरता थांबतच नाही. दोलकांच्या बाबतीत जे काळाबरोबर घडते, ते प्रकाशवाटांत अंतराबरोबर घडते.

गणितात मांडायचे, तर दोन सारख्या वाटा z अंतर शेजारून गेल्यावर दुसरीत गेलेला हिस्सा साइन वर्ग (κz) इतका असतो. κz ४५ अंश झाला, की प्रकाश निम्मा-निम्मा विभागतो. ९० अंशांना सगळाच पलीकडे जातो. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेतील मार्काटिली यांनी आयताकृती वाटांसाठी अशी गणिते मांडली. आज आम्ही संगणकावर वाटेचे बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातील क्षेत्र काढतो.

एवढा खटाटोप कशासाठी? κ हा फटीवर अतिशय अवलंबून असतो. फट काही नॅनोमीटरनी चुकली, तरी प्रकाशाची वाटणी बिघडते आणि एकदा कोरलेली चकती दुरुस्त करता येत नाही. म्हणून ती आधी कागदावर तपासावी लागते. आमची गणिते चुकतात, तीही बहुधा याच फटीपाशी. तुकडे पुरेसे बारीक पाडलेले नसतात.

तेव्हा वर्गात ‘पूर्ण’ परावर्तन जरूर शिकवावे. पण सीमेपलीकडेही तरंगाचा थोडा अंश असतो, हे सांगायला विसरू नये. शेजारच्या वाटेवर जाणारा प्रकाश त्या थोड्याशा अंशावरच चालतो.