पावसासाठी सोडलेली जागा

२२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा आमच्या घरात ते कमरेच्या वर चढलं. आम्ही माळ्यावर बसून होतो. खाली माझ्या कवितांच्या वह्या भिजत होत्या, पुस्तकं तरंगत होती. पण खरा जीव अडकला होता तो अब्बांच्या पेटाऱ्यात. अब्बा सुतार होते. हा पेटारा त्यांनी स्वतःच्या लग्नासाठी केलेला. सागवानी, चार माणसांनी उचलावा असा.

मी त्यांचा एकुलता एक मुलगा, पण रंधा हातात घेतला नाही. बी. ए. झालो, नोकरी केली, कविता लिहिल्या. अब्बा कधी काही बोलले नाहीत. १९८९ साली ते गेले, तेव्हा हत्यारांची पेटी मागे राहिली. तिच्यातल्या निम्म्या हत्यारांची नावंही मला येत नव्हती.

पुराच्या दोन-तीन वर्षं आधी एकदा मी त्या हत्यारांचे फोटो काढून ओळखीच्यांना फोनवर पाठवले. त्यातल्या एका वस्तूचं काम काय, ते कुणालाच सांगता येईना. फोटो फिरत फिरत बल्लारपूरच्या एका सुतारांपर्यंत गेला आणि त्यांचा मला फोन आला. "भाऊ, ते फळीच्या कडेला समांतर रेघ ओढायचं हाय. सांभाळून ठेवा, आता कोणी करत नाही तसं." इथून आमची मैत्री सुरू झाली. मी त्यांना दादा म्हणू लागलो. पुण्यात फर्निचर बनवणारी एक तरुण मुलगीही अशीच त्या फोटोंमुळे ओळखीची झाली. ती मला काका म्हणते. आम्हा तिघांपैकी कुणीही कुणाला पाहिलेलं नव्हतं.

पूर ओसरला. फोन सुरू झाला तसा मी पहिला फोन दादांना केला. त्यांनी विचारलं, "माणसं बरी हायेत ना?" मग म्हणाले, "पेटारा उन्हात नका ठेवू बरं. लाकडाले घाई जमत नाही."

हे सांगणं ऐकायला सोपं, पण त्यामागे मोठं शास्त्र आहे. लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. पेशींच्या पोकळीत असतं ते पाणी गेलं, तर लाकूड हलकं होतं, पण आकसत नाही. पेशींच्या भिंतींमध्ये मुरलेलं पाणी निघू लागलं, की मात्र लाकूड आकसायला लागतं. कडक उन्हात वरचा थर आधी वाळतो. तो आकसू पाहतो, आणि आतलं ओलं, फुगलेलं लाकूड त्याला आकसू देत नाही. या ओढाताणीत फळीला चिरा जातात. म्हणून सावलीत, वाऱ्यावर, हळूहळू वाळवायचं.

दादांनी सांगितलं तसं केलं. आधी स्वच्छ पाण्याने गाळ धुतला. पेटारा चार विटांवर चढवला, म्हणजे खालूनही वारा लागेल. झाकण उघडं ठेवलं. आतला कप्पा फुगून अडकला होता, तो ओढायचा नाही अशी ताकीद होती. दर आठवड्याला मी फोटो पाठवायचो. तीन महिन्यांनी कप्पा आपोआप सरकला. पण तळाच्या फळीला मधोमध लांबलचक चीर गेली होती. तिचाही फोटो पाठवला. दादा इतकंच म्हणाले, "हे पाहावं लागते."

२०२२च्या डिसेंबरात दोघेही चिपळूणला आले. स्टेशनवर मी दादांना ओळखलंच नाही. फोनवरच्या भारदस्त आवाजावरून उंचापुरा माणूस डोळ्यांपुढे होता. उतरले ते माझ्या खांद्याला लागतील असे, सडपातळ गृहस्थ. घरी चहा झाला आणि एकदम सगळे गप्प. तीन-चार वर्षं रोज बोलणारी माणसं आम्ही, समोरासमोर बसल्यावर शब्द सुचेनात. दादा उठले आणि म्हणाले, "पेटारा कुठं हाय?"

मग दिवसभर बोलणं थांबलं नाही.

तळातली ढिली कपची काढून दादांनी ती हातावर तोलली, टिचकी मारून ऐकली, गालाला लावली. गार लागली तर आत ओल आहे. मुलीने पिशवीतून ओल मोजायचं छोटं यंत्र काढलं आणि त्याची दोन टोकं त्याच कपचीत खुपसली. दोघांचं उत्तर एकच आलं: लाकूड वाळलंय. दोघेही एकमेकांकडे बघून हसले.

अब्बा नेहमी म्हणायचे, पेटारा सीपीच्या सागवानाचा आहे. लहानपणी मला त्याचा अर्थ कळत नव्हता. दादांनी सांगितला. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, इंग्रजांच्या काळातला मध्य प्रांत. चंद्रपूर तेव्हा त्यातच होतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाला व्यापारी अजून तेच नाव देतात. फळीवर हात फिरवत ते म्हणाले, "म्हणजे हा आमच्याच जंगलातून तुमच्याकडे आला म्हणायचा."

नंतर त्यांनी पेटाऱ्याच्या बाजू तपासल्या. उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट कुसू आणि खाच करून घट्ट बसवलेली. मधली रुंद फळी मात्र चौकटीच्या खोबणीत नुसती ठेवलेली, ना सरस ना खिळा. अंगठ्याने दाबली की किंचित हलते. मला वाटलं, पुराने ढिली झाली. दादांनी मान हलवली. ती जागा अब्बांनी मुद्दाम सोडली होती.

लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र बदलतं. फूटभर रुंदीची फळी पावसाळ्यात दोन-चार मिलिमीटर फुगते आणि उन्हाळ्यात तेवढीच आकसते. आपली दारं जून-जुलैत अडकतात ती याचमुळे. तेल चोपडलेलं असो की पॉलिश केलेलं, हे फुगणं-आकसणं कमी होईल, थांबणार नाही. जाणता कारागीर ते थांबवायला जात नाही. फळीला खोबणीत श्वासापुरती जागा देतो. पुराच्या पाण्यात त्या फळ्या फुगल्या, त्या जागेत मावल्या आणि वाळून परत आपल्या ठिकाणी आल्या. एकही फुटली नव्हती.

मग दादा तळाकडे वळले. फुटलेल्या फळीच्या दोन्ही कडांना खिळ्यांची रांग होती. ते म्हणाले, "हे तुमच्या अब्बांचं काम नाही."

नव्हतंच. १९९४ साली तळाच्या जुन्या फळ्या कुजल्या, म्हणून मी एक रुंद फळी आणून दोन्हीकडून ठोकली होती. घट्ट बसली, याचा अभिमानही होता. पुरानंतर वाळताना तिला आकसायचं होतं, आणि माझ्या खिळ्यांनी दोन्ही कडा धरून ठेवल्या होत्या. ती मधून फाटली. एवढ्या मोठ्या पेटाऱ्यात फुटलं ते फक्त माझं काम. हे फोटोत कधी दिसलं नसतं. त्यासाठी कुणीतरी घरी येऊन, पालथं पडून बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नवा तळ घातला. एका रुंद फळीऐवजी चार अरुंद फळ्या, मध्ये थोडी थोडी फट. प्रत्येक फळीला दोन टोकांना एकेकच स्क्रू, तोही रुंदीच्या मधोमध, म्हणजे दोन्ही कडा मोकळ्या. दादांनी अब्बांचा रंधा माझ्या हातात दिला. पहिल्यांदा तो अडखळला. मुलगी म्हणाली, "काका, उलटं चाललंय, रेषेच्या दिशेने जा." वयाच्या पन्नाशीत, अब्बांच्या रंध्यातून मी पहिली सलग साल काढली. ती अजून माझ्या वहीत आहे.

दुपारी पत्नीने तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. जेवताना मी दादांना विचारलं, अब्बांनी मला हे का शिकवलं नाही? ते म्हणाले, "त्यांनी जबरदस्ती केली नाही, भाऊ." आणि जेवू लागले.

आता दर पावसाळ्यात पेटाऱ्याचं झाकण जरा अडकतं. मी बल्लारपूरला फोन लावतो. दादा म्हणतात, "अडकू द्या. दिवाळीनंतर सुटते." आणि ते सुटतं.