आधी पाणी, मग रंग

अंबरनाथ पूर्वेला कानसई किंवा वडवली सेक्शनात, नाहीतर एमआयडीसीच्या निवासी भूखंडांकडे फिरायला गेले की एका पिढीची घरे लगेच ओळखू येतात. १९५० च्या दशकात इथे ऑर्डनन्स फॅक्टरी आली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाले आणि पुढे कारखान्यांतल्या नोकरदारांनी बैठी किंवा एकमजली घरे बांधली. काळ्या दगडाचे जोते, पुढे ओटा, जिन्याला सिमेंटची जाळी, आत मोझॅकची फरशी, असे त्यांचे साधे रूप. आज ती घरे 'जुनाट' दिसतात, त्यात मूळ बांधणीचा दोष थोडा. जास्त दोष आहे तो भिंतींवर उतरलेल्या ओलीच्या डागांचा आणि नंतर चिकटवलेल्या ग्रिल-पत्र्यांचा. म्हणून घराचे रूप पालटायचे तर क्रम असा ठेवावा: आधी पाणी अडवा, मग नको ते काढा, रंग शेवटी.

परवानगी कोणाची?

पहिला प्रश्न कागदांचा. घर नगरपालिकेच्या हद्दीतल्या खासगी जागेवर असेल तर बांधकामाची परवानगी नगरपालिका देते आणि राज्याची २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू होते. भूखंड एमआयडीसीचा असेल तर मात्र नियोजन प्राधिकरण एमआयडीसीच आहे. तिची नियमावली वेगळी, आणि भूखंड साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेला असतो. रंग, गिलावा, फरशी यांसाठी सहसा परवानगी लागत नाही. पण खोली वाढवणे, बाल्कनी बंद करणे, भार पेलणारी भिंत तोडणे किंवा गच्चीवर कायमची शेड टाकणे यासाठी आधी मंजुरी घ्यावी. मंजूर नकाशाची प्रत शोधून ठेवली की पुढचे बरेच वाद टळतात.

पाहणी पावसात, काम पावसानंतर

या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घर कुठे गळते हे जुलै-ऑगस्टमध्ये जितके स्पष्ट कळते तितके मार्चमध्ये कळत नाही. तेव्हाच ओलीचे फोटो काढून ठेवावेत आणि जागेप्रमाणे कारण शोधावे. छताच्या मधोमध डाग असेल तर गच्चीचा कोबा तडकलेला असण्याची शक्यता जास्त. डाग छत आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात असेल तर कठड्याच्या बुडाशी पाणी मुरते. खिडकीखाली असेल तर छज्जा किंवा चौकटीची फट बघावी. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत भिंत पोपडत असेल तर ओल खालून चढते आहे. तिथे कितीही महाग रंग लावला तरी तो गळूनच पडणार.

पाऊस थांबून स्लॅब वाळला की गच्चीचे काम घ्यावे. ढिला झालेला कोबा काढून नवा ब्रिकबॅट कोबा करताना पाण्याच्या पाइपकडे शंभरास एक इतका तरी उतार हवा आणि कठड्याच्या बुडाशी काटकोन न ठेवता गोलाई द्यावी. काम झाल्यावर पाइपांची तोंडे बंद करून दोन-तीन दिवस पाणी कोंडून ठेवावे आणि खालून छत बघावे. ही चाचणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. छज्ज्याच्या खालच्या कडेला एक खाच ठेवून घेतली की पागोळी तिथेच तुटते आणि पाणी भिंतीवर उतरत नाही. भिंतीवरचे बरेच काळे ओघळ या खाचेच्या अभावी येतात.

गजांचा गंज

छज्जे, बाल्कनी आणि जिन्याखाली हातोडीने हलके ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर आतले गज गंजून फुगले असण्याची शक्यता आहे. ताज्या काँक्रीटचा सामू १२ ते १३ असतो आणि त्या अल्कधर्मी वेष्टनात लोखंड गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपतो, सामू ९ च्या खाली येतो आणि ते संरक्षण संपते. कारखान्यांच्या हवेतल्या आम्लधर्मी वायूंमुळे ही झीज वाढते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट होत असल्याने काँक्रीट आतून फुटते. अशा जागी वरून गिलावा थापणे ही फसवणूक आहे. ढिले काँक्रीट काढून, गज घासून, गंजरोधक थर देऊन मग पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरावे. गज फार झिजले असतील तर निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचा, कंत्राटदाराचा नाही.

काय काढायचे, काय ठेवायचे

आता घराच्या दर्शनी बाजूकडे वळावे. खिडक्यांबाहेर फुगलेली लोखंडी बॉक्स ग्रिल, ओट्यावर आलेले पत्रे, भिंतीवर लोंबणाऱ्या केबल, वापरात नसलेली टाकी एवढे उतरवले तरी घर मोकळे दिसते. सिमेंटचे जुने पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. त्याचे तंतू फुप्फुसाला घातक आहेत, म्हणून ते फोडू किंवा कापू नयेत. पाणी मारून, नटबोल्ट सोडवून अख्खे उतरवावेत.

ओटा, सिमेंटची जाळी आणि दगडी जोते मात्र ठेवावे. जाळीमुळे जिना हवेशीर राहतो, ओट्यामुळे पावसाचे शिंतोडे दारापर्यंत येत नाहीत. जोत्यावरचा ऑइलपेंट काढून दगड उघडा करावा. १०६० सालचा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर अशाच काळ्या बेसाल्टचे आहे. या दगडाला रंगाची गरज नाही. मोझॅकवर टाइल्स बसवण्याआधी मशीनने पॉलिश करून पाहावे. चार सेंटिमीटर मसाला आणि वर टाइल्स म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो वाढीव भार, शिवाय सगळी दारे खालून कापायची.

खिडक्या बदलताना लक्षात घ्यावे की सरकती खिडकी निम्मीच उघडते, जुनी दोन पाखांची पूर्ण उघडते. दमट हवेत हा फरक जाणवतो. सागवानी चौकट धड असेल तर दुरुस्तीच बरी. बदलायचीच तर यूपीव्हीसी किंवा पावडर कोटिंगचे ॲल्युमिनियम गंजाच्या दृष्टीने लोखंडापेक्षा बरे. खिडकीच्या तळपट्टीला बाहेरच्या बाजूला उतार हवाच.

शेवटी रंग

नव्या गिलाव्यावर सात दिवस तरी पाणी मारावे आणि महिनाभर तो वाळू द्यावा. ओल उरली आहे का हे पाहण्यासाठी फूटभर प्लॅस्टिक चारही कडांनी भिंतीला चिकटवून एक दिवस ठेवावे. आतून पाणी जमले तर थांबावे. जुन्या सिमेंट रंगाची भुकटी हाताला लागत असेल तर तारेच्या ब्रशने घासून, भिंत धुऊन, प्राइमर द्यावा, नाहीतर नवा रंग त्या भुकटीसकट सुटतो. बाहेर पुट्टी लागलीच तर सिमेंटची वापरावी. पांढऱ्याशुभ्र रंगावर इथली धूळ आणि शेवाळ लवकर उठून दिसते. काळ्या जोत्याला फिकट राखाडी किंवा मातकट रंग शोभतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या कामाचा काळ.

कोटेशन घेताना एकूण आकडा मागू नका. वॉटरप्रूफिंग, गजदुरुस्ती, गिलावा, खिडक्या, रंग असे वेगळे दर लिहून घ्या. पैसे कमी पडले तर यादी खालून छाटा. रंग वर्षभराने लावला तर घराचे काही बिघडत नाही. गच्ची वर्षभराने केली तर बिघडते.