पहिले घर घेताना : किमतीआधी कागद पाहा

मुंबई, मुंब्रा, भिवंडी, कल्याण या पट्ट्यात भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला दर अकरा महिन्यांनी एकच विचार छळतो. करार संपला की भाडे वाढते, डिपॉझिट वाढते. कधी सामान उचलून दुसऱ्या वस्तीत जावे लागते आणि मुलांची शाळा बदलते. एवढे भाडे भरण्यापेक्षा थोडी ओढाताण करून स्वतःचे घर घेतलेले बरे, असे घरात बोलले जाते. मग आखातात नोकरी करणारा भाऊ मदत करतो, पत्नी आपले दागिने काढून देते, गावाकडच्या जमिनीचा तुकडा विकला जातो. अशी रक्कम सर्वसामान्य माणसाच्या आयुष्यात एकदाच जमा होते. ती चुकीच्या इमारतीत अडकली, तर दुसऱ्यांदा जमत नाही.

घर पहिल्यांदाच घेणारा माणूस प्रथम भाव विचारतो, मग खोल्या मोजतो आणि कागदपत्रांचा विषय वकिलावर किंवा दलालावर सोडून देतो. हा क्रम उलटा असायला हवा. आधी कागद, मग भाव आणि शेवटी खोल्या.

स्वस्त घर कशाला म्हणावे?

समजा, एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन नव्या इमारती आहेत. एकीकडे ४०० चौरस फुटांचे घर ३५ लाखांना आहे, दुसरीकडे तेवढेच घर १८ लाखांना मिळते. दुसऱ्या इमारतीतही लिफ्ट आहे, लाद्या चांगल्या आहेत, नळाला पाणी येते. मग १७ लाखांचा फरक कशाचा? बहुतेक वेळा तो परवानगीचा असतो. ज्याने जमिनीची मालकी नीट केली नाही, नकाशा मंजूर करून घेतला नाही, शुल्क भरले नाही, त्याला घर स्वस्तात विकणे परवडते. पुढचा सगळा धोका तो खरेदीदाराच्या गळ्यात घालतो.

अशा वेळी दलाल वीजबिल आणि घरपट्टीची पावती दाखवतो. या कागदांवर भरवसा ठेवू नये. अनधिकृत बांधकामालाही पालिका कर लावू शकते आणि कर भरला म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही. वीजजोडणीचेही तसेच आहे. ‘इथे सगळेच असे घेतात’ हे वाक्य तर कोणत्याही न्यायालयात उपयोगी पडत नाही.

४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळ येथे परवानगीविना उभी राहत असलेली सात मजली इमारत कोसळली आणि ७४ माणसे मृत्युमुखी पडली. काम सुरू असतानाच तेथे कुटुंबे राहायला आली होती. परवानगी म्हणजे पाया, लोखंड, सिमेंट यांच्यासाठी कोणी तरी अभियंता सही करून जबाबदार धरला जाणे. कागद नसलेल्या इमारतीत असा जबाबदार माणूसच नसतो.

कोणते कागद मागावेत?

१. जमिनीचा सातबारा उतारा किंवा शहरी भागात मालमत्ता पत्रक. जमीन कोणाच्या नावावर आहे, कूळ, वारस वा बोजा आहे काय, हे त्यावरून कळते. सरकारी, वन खात्याची किंवा विकास आराखड्यात शाळा, उद्यान वगैरेंसाठी राखीव ठेवलेली जमीन असेल, तर पुढे जाऊच नये.

२. मालक आणि बिल्डर वेगळे असतील, तर त्यांच्यातील नोंदणीकृत विकसन करार व कुलमुखत्यारपत्र. आपल्याला घर विकण्याचा अधिकार बिल्डरला आहे की नाही, हे त्यात असते.

३. जमिनीचा गेल्या ३० वर्षांचा शोध घेऊन वकिलाने दिलेला टायटलचा दाखला. बिल्डरच्या वकिलाचा दाखला असला, तरी आपला स्वतंत्र वकील लावावा. त्याची फी घराच्या किमतीच्या मानाने फार थोडी असते.

४. मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सी.सी. ते किती मजल्यांपर्यंत आहे, हे वाचावे. सी.सी. चौथ्या मजल्यापर्यंत आणि आपले घर सहाव्या मजल्यावर, असे प्रकार होतात.

५. इमारत पूर्ण झाली असेल, तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओ.सी. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला सर्वांत सुरक्षित घर म्हणजे ओ.सी. मिळालेले तयार घर.

रेरा क्रमांक पुरेसा आहे काय?

पूर्वी महाराष्ट्रात १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्यावरच खरेदीदाराची भिस्त होती. २०१६ मध्ये केंद्राने रिअल इस्टेट नियमन कायदा केला आणि मे २०१७ पासून महाराष्ट्रात ‘महारेरा’चे काम सुरू झाले. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक आणि घरेही आठपेक्षा अधिक असतील, तर नोंदणी केल्याशिवाय बिल्डरला जाहिरात करता येत नाही आणि एकही घर विकता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवून ती त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करावी लागते. जाहिरातीवर क्यूआर कोड असतो. मोबाईलने तो उघडला की प्रकल्पाची माहिती, मंजुऱ्या आणि काम पूर्ण करण्याची तारीख दिसते.

हा कायदा ग्राहकाच्या फार उपयोगाचा आहे. परंतु केवळ क्रमांक पाहून निश्चिंत होऊ नये. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या प्रकरणात पालिकेच्या परवानग्यांचे बनावट कागद सादर करून रेरा नोंदणी मिळवल्याचे उघड झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अनधिकृत बांधकामे पाडण्याचा आदेश दिला. तेथे घर घेतलेल्यांनी क्रमांक पाहिला होता, पण तो ज्या कागदावर मिळाला तो कागदच खोटा होता.

यावर उपाय साधा आहे. सी.सी.चा क्रमांक आणि तारीख उतरवून घ्यावी व पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ते प्रमाणपत्र खरोखर दिले आहे काय, याची विचारणा करावी. तोंडी उत्तर मिळाले नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. शुल्क १० रुपये आहे आणि ३० दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्याला बंधनकारक आहे. ‘आजच टोकन भरा, उद्या भाव वाढेल’ असे दलाल सांगतो, तेव्हा ३० दिवस थांबणे जड जाते. परंतु ज्याचे कागद खरे आहेत, त्याला आपल्या चौकशीची भीती नसते.

खरी किंमत किती?

जाहिरातीतला आकडा हा पूर्ण खर्च नसतो. ठाणे शहरात बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत ३५ लाखांचे घर घेतले, तर त्यावर काय लागते ते पाहू. महानगर क्षेत्रात ६० चौरस मीटरपर्यंत कार्पेट क्षेत्र आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असलेले घर ‘परवडणारे’ मानले जाते व १ एप्रिल २०१९ पासून त्यावर १ टक्का जी.एस.टी. आहे. म्हणजे ३५,००० रुपये. त्याहून मोठ्या वा महाग घरावर हा कर ५ टक्के आहे. इमारत पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यानंतर घर विकले, तर हा कर लागत नाही. मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के, म्हणजे २,४५,००० रुपये. नोंदणी शुल्क १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. ही बेरीज ३,१०,००० रुपये होते. सोसायटीची वर्गणी, देखभालीची आगाऊ रक्कम, वकिलाची फी आणि सामान हलवण्याचा खर्च वेगळाच.

मुद्रांक शुल्क कराराची किंमत किंवा सरकारी दराने होणारी किंमत, यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर आकारले जाते. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास त्यात १ टक्का सवलत मिळते. वरच्या उदाहरणात ३५,००० रुपये वाचतात आणि घरातील स्त्रीच्या नावावर मालमत्ताही होते.

क्षेत्रफळाचाही हिशेब नीट करावा. ‘बिल्ट अप’, ‘सुपर बिल्ट अप’ हे शब्द ऐकून घ्यावेत आणि सोडून द्यावेत. कायद्याने विक्री कार्पेट क्षेत्रावर व्हायला हवी, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची त्यात धरत नाहीत. उघड्या जागेतील किंवा इमारतीखालच्या स्टिल्टमधील पार्किंग वेगळे विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे.

कर्ज, अनुदान आणि बिनव्याजी व्यवहार

३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते. कर्ज ३० लाखांच्या पुढे गेले की मर्यादा ८० टक्के होते. मुद्रांक व नोंदणीचा खर्च यात सहसा धरला जात नाही. म्हणजे ३५ लाखांच्या घरासाठी ३० लाख कर्ज मिळाले, तरी हातात किमान ८ लाख १० हजार रुपये हवेत. हप्त्याचाही अंदाज घ्यावा. दर समजा साडेआठ टक्के असेल, तर २५ लाखांच्या कर्जाला २० वर्षे दरमहा सुमारे २१,७०० रुपये भरावे लागतात. एकूण भरणा ५२ लाखांच्या घरात जातो.

सप्टेंबर २०२४ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात व्याजावरील अनुदान आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि देशात कोठेही कुटुंबाचे पक्के घर नसणे, या त्याच्या मुख्य अटी आहेत. अनुदान जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये असून ते पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. कर्ज २५ लाखांच्या वर गेले, तर हा लाभ मिळत नाही. म्हणून कर्जाची रक्कम ठरवण्याआधीच हे पाहावे.

आपल्यातील अनेकजण व्याजाच्या कर्जापासून दूर राहतात आणि बिल्डरला थेट हप्ते देऊन घर घेतात. त्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. बँक कर्ज देते, तेव्हा तिचा वकील व अभियंता कागद तपासतात. थेट व्यवहारात ही चाळणी नसते. म्हणून तपासणीचे सगळे काम आपल्यालाच करावे लागते. अनधिकृत इमारतींतील घरे बहुधा अशाच ‘सोप्या हप्त्यां’वर विकली जातात, कारण तेथे बँक उभी राहत नाही. या इमारतीवर कोणत्या बँका कर्ज देतात, हा प्रश्न कर्ज घ्यायचे नसले, तरी जरूर विचारावा. एकही बँक देत नसेल, तर तेच उत्तर समजावे.

म्हाडा आणि सिडकोच्या घरांचाही विचार करावा. तेथे जमिनीच्या मालकीचा प्रश्न सहसा नसतो. मुंबई महानगर क्षेत्रात म्हाडाचा अत्यल्प उत्पन्न गट वार्षिक ६ लाखांपर्यंत आणि अल्प उत्पन्न गट ९ लाखांपर्यंत आहे. अर्ज केवळ अधिकृत संकेतस्थळावर होतो. ‘कोट्यातून घर काढून देतो’ म्हणणाऱ्या माणसाला एक रुपयाही देऊ नये. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचा दाखला आधीच काढून ठेवावा.

पैसे केव्हा आणि कसे द्यावेत?

नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ३५ लाखांच्या घरासाठी ही मर्यादा साडेतीन लाख आहे. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदलेला करारच खरा. रोख देऊ नये. मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. ज्या रकमेची पावती नाही, ती उद्या वाद झाला तर परतही मागता येत नाही.

करारात ताबा देण्याची तारीख, कार्पेट क्षेत्र, मजला आणि बांधकामाच्या टप्प्यानुसार हप्ते स्पष्ट लिहिलेले असावेत. ताबा वेळेवर मिळाला नाही, तर ग्राहकाला दोन मार्ग आहेत. घर सोडून व्याजासह पैसे परत मागावेत किंवा ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घ्यावे. महारेराकडे तक्रारीचे शुल्क ५,००० रुपये आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो.

चावी हातात घेण्यापूर्वी ओ.सी. मागावी. ‘आधी राहायला या, ओ.सी. मागाहून येईल’ या शब्दावर राहायला गेलेली कुटुंबे पुढे वर्षानुवर्षे जादा दराने पाणी भरत बसतात आणि घर विकायला निघाली की गिऱ्हाईक मिळत नाही.

हे सारे पाहून घर थोडे महाग वाटेल. कदाचित दोन खोल्यांऐवजी एक खोली किंवा दोन स्टेशने पुढचे गाव परवडेल. तरीही तेच घर स्वस्त आहे, कारण ते आपल्या मुलांच्या नावावर होऊ शकते. ज्याचे कागद पुरे नाहीत ते घर कितीही कमी किमतीला मिळाले, तरी आपण तेथे भाडेकरूच असतो. फरक एवढाच, की सगळे भाडे आपण आधीच भरलेले असते.