अँटिव्हायरसची परीक्षा

घरच्या संगणकावरचा अँटिव्हायरस जागा आहे का, हे बघायची सोय फुकटात आहे. आयकार नावाची 68 अक्षरांची एक चाचणी-ओळ आहे. ती नोटपॅडमध्ये चिकटवून फाइल सेव्ह केली, की सॉफ्टवेअरने लगेच आरडाओरडा करायला हवा. फाइल पूर्ण निरुपद्रवी. पण यातून कळते ते एवढेच, की पहारेकरी जागा आहे. चोर ओळखतो की नाही, ते वेगळेच.

त्यासाठी जर्मनीतली एव्ही-टेस्ट किंवा ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज यांसारख्या प्रयोगशाळा असतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरसुलभता या तिन्हींना प्रत्येकी जास्तीत जास्त 6 गुण देते. निरपराध फाइलला चोर ठरवले, तर तिसऱ्या विषयातले गुण कापले जातात. हे योग्यच, सगळ्यांवर भुंकणारा राखणदार काय कामाचा?

स्पायवेअर, म्हणजे गुपचूप हेरगिरी करणारे सॉफ्टवेअर, अडवणे एक आणि शिरलेले उपटून काढणे दुसरे. ते विंडोजच्या रजिस्ट्रीत, ब्राउझरच्या एक्स्टेन्शनमध्ये, ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत आपल्या खुणा पेरून ठेवते. म्हणून साफसफाईनंतर संगणक पुन्हा सुरू करून बघायचे, की पाहुणे परतले का. 2004 मध्ये अमेरिकेत स्पायवेअरचे अभ्यासक एरिक हाउज यांनी अशा चाचण्या घेतल्या, तेव्हा एकही सॉफ्टवेअर सगळे काढू शकले नव्हते.

‘शंभर टक्के संरक्षण’ ही जाहिरात वाचली, की कोणत्या महिन्याची चाचणी, एवढे विचारा. आणि खरा व्हायरस आणून घरच्या संगणकावर प्रयोग मुळीच करू नका.