अंगाने बारीक, तरी फॅटी लिव्हर?

उंबरमाळीहून सकाळची लोकल धरणाऱ्या एका दादांनी परवा सोनोग्राफीचा रिपोर्ट दाखवला. फॅटी लिव्हर, ग्रेड १. म्हणाले, "दारूला शिवत नाही, पोट सोडलं तर अंगानेही बारीक. मग हे कुठून आलं?"

मी लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. पण या प्रश्नाचं झकास उत्तर पुण्यात आहे.

केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. २००४ साली 'द लॅन्सेट'मध्ये दोघांचा शेजारी-शेजारी उभे असलेला फोटो आला. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, दोघांचा २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

वजनकाटा असा फसवतो. आपल्या भारतीयांची चरबी जास्त करून पोटात, आतड्यांभोवती साठते. तिथलं रक्त थेट यकृतात जातं, सोबत चरबीही.

चरबीने भरलेलं यकृत इन्सुलिनला जुमानत नाही. साखर वाढते, ट्रायग्लिसराइड रक्तात उतरतं आणि रक्तवाहिन्या खराब होतात. म्हणूनच फॅटी लिव्हरवाल्यांना यकृताआधी बहुतेकदा हृदय दगा देतं.

टेपने कंबर मोजा: पुरुष ९० सेंमी, बायका ८० सेंमी. त्यापुढे गेलात तर साखर आणि लिपिड तपासून घ्या.

लिव्हर टॉनिकवर पैसे घालवू नका. जास्तीचं वजन असेल तर ७ ते १० टक्के उतरवल्यावर यकृताची सूजही कमी होते.

रिपोर्टमधलं काही कळत नसेल तर खाली विचारा. औषधाचं मात्र डॉक्टरांनाच.