हाँगकाँगचे ऋतू आणि सैबेरियाचे वारे

हाँगकाँग सुमारे 22.3 अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला वसले आहे, आणि गुजरातेतील वडोदरा जवळजवळ त्याच अक्षांशावर येते. नकाशावर दोन्ही शहरे उष्ण कटिबंधात मोडतात. परंतु जानेवारीच्या दुपारी वडोदऱ्यात पारा तीस अंशांच्या आसपास जातो, तर हाँगकाँगमध्ये तो सरासरीने एकोणीस अंशांच्या आतच राहतो. सर्वांत थंड महिन्याचे सरासरी तापमान 18 अंश सेल्सिअसच्या खाली गेले की ते हवामान उष्णकटिबंधीय मानायचे नाही, असा दंडक व्लादिमीर क्योपेन यांच्या प्रसिद्ध वर्गीकरणात आहे. हाँगकाँगच्या जानेवारीची सरासरी सुमारे 16.5 अंश असल्यामुळे या शहराची गणना उपोष्ण कटिबंधात होते.

याचे कारण उत्तरेला, सैबेरियात आहे. हिवाळ्यात तेथील भूमी अतिशय थंड झाल्याने तिच्यावर जड हवेचा साठा होऊन उच्च दाबाचे क्षेत्र तयार होते आणि तेथून ही हवा दक्षिणेकडे लोटली जाते. भारताकडे येताना तिला हिमालय अडवतो. चीनच्या पूर्व भागात मात्र तसा अडसर नसल्याने ती थेट दक्षिण चीनच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचते आणि एक-दोन दिवसांत पारा झपाट्याने उतरतो. हाँगकाँग वेधशाळेची स्थापना 1883 साली झाली. तिच्या नोंदींतील नीचांक 18 जानेवारी 1893 रोजीचा शून्य अंशांचा आहे, आणि 24 जानेवारी 2016 रोजीही तेथे 3.1 अंशांची नोंद झाली होती. घरे उबदार ठेवण्याची सोय तेथे सहसा नसते, त्यामुळे दहा अंशांची थंडीसुद्धा बोचते.

मार्च-एप्रिलचा काळ सर्वांत कंटाळवाणा म्हणावा लागेल. थंड वाऱ्यांचा जोर ओसरतो, समुद्रावरून उबदार दमट हवा येऊ लागते आणि हिवाळ्यात गार झालेल्या भिंती व फरशा तिच्या संपर्कात येताच बाष्पाचे पाणी होऊन घराला अक्षरशः घाम फुटतो. किनाऱ्याजवळच्या थंड पाण्यावर हीच हवा आली की बंदर धुक्यात बुडते. कपडे वाळत नाहीत आणि चामड्याच्या वस्तूंना बुरशी चढते. कोकणातल्या वाचकाला हे आषाढातले दुखणे ओळखीचे वाटेल. फरक इतकाच की तेथे ते बहुधा मोठ्या पावसाआधीच सुरू होते.

दक्षिण चीन समुद्रावर नैर्ऋत्य मोसमी वारे साधारण मेच्या मध्यास, म्हणजे केरळात पोहोचण्याच्या सुमारे दोन आठवडे आधी, स्थिरावतात. वर्षाचा एकूण पाऊस सुमारे 2,400 मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या जवळपासच असतो आणि त्यातला बहुतेक मे ते सप्टेंबर या काळात पडतो. तासाभरात 30, 50 किंवा 70 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला किंवा पडण्याची शक्यता असली की वेधशाळा अनुक्रमे पिवळसर, लाल आणि काळा इशारा देते. 7 सप्टेंबर 2023 च्या रात्री एका तासात 158.1 मिलिमीटर पाऊस झाला. डोंगरउतारांवर इमारती असलेल्या शहरात अशा पावसाचा खरा धोका दरडींचा असतो. 18 जून 1972 रोजी कोसळलेल्या दोन दरडींनी 138 बळी घेतले, आणि त्यानंतर 1977 मध्ये उतारांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र सरकारी कार्यालय उभारण्यात आले. आज तेथे सुमारे साठ हजार मानवनिर्मित उतारांची नोंद ठेवलेली आहे, आणि हवामानाशी जुळवून घेण्याच्या त्या शहराच्या खटाटोपात हेच काम सर्वांत मोलाचे मानले पाहिजे.

टायफून म्हणजे पश्चिम प्रशांत महासागर आणि दक्षिण चीन समुद्र येथील प्रबळ चक्रीवादळ. तो येण्याआधी बरेचदा वारा पडतो, आकाश निरभ्र होते आणि उकाडा असह्य होतो, कारण वादळाच्या केंद्राभोवती वर चढलेली हवा त्याच्या बाह्य परिघावर खाली उतरते आणि उतरताना दाबली जाऊन तापते. 22 ऑगस्ट 2017 रोजी वेधशाळेत 36.6 अंश, म्हणजे तोवरचे सर्वोच्च तापमान नोंदले गेले; दुसऱ्याच दिवशी हातो या टायफूनमुळे दहा क्रमांकाचा, म्हणजे सर्वांत वरचा संदेश द्यावा लागला. संदेशांचे क्रमांक 1, 3, 8, 9 आणि 10 असे आहेत. ताशी 63 किलोमीटर किंवा त्याहून वेगवान, सतत वाहणाऱ्या वाऱ्यासाठी आठ क्रमांक लागतो आणि तो लागला की शाळा, न्यायालये व बहुतेक कचेऱ्या बंद होतात. शेअर बाजारही पूर्वी बंद राहत असे. सप्टेंबर 2024 पासून मात्र तो वादळातही चालू ठेवला जातो. एका धनाढ्य उद्योगपतीच्या अदृश्य शक्तीमुळे वादळे नेमकी सुटीच्या दिवशीच येतात आणि कामाचा दिवस काही बुडत नाही, असा तेथील नोकरदारांचा जुना विनोद आहे.

ऑक्टोबरपासून ईशान्येचे कोरडे वारे परततात, आर्द्रता घटते आणि आकाश स्वच्छ होते. महाराष्ट्रातून जाणाऱ्या पर्यटकाने ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते डिसेंबर हाच काळ निवडावा. जानेवारी-फेब्रुवारीत जायचे झाल्यास स्वेटर बरोबर घ्यावा, आणि पावसाळ्यात गेल्यास रोज सकाळी वेधशाळेचा संदेश पाहून, आठ क्रमांक लागला असेल तर मुक्कामाबाहेर पडू नये.