शब्दसादृश्य-शोधन

शब्दसादृश्य-शोधन : लेखनात वा उच्चारात परस्परांशी मिळतेजुळते असणारे शब्द ठराविक नियमांनी हुडकून काढण्याची क्रिया. जनगणना, मतदारयाद्या, ग्रंथालयीन तालिका व संगणकीय शुद्धलेखन-तपासणी यांत तिचा उपयोग होतो. तिच्या गणनविधींचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात : शब्दाला उच्चारानुसार संकेतांक देणारे आणि दोन शब्दांमधील अंतर मोजणारे.

पहिल्या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध विधी म्हणजे साउंडेक्स. रॉबर्ट रसेल यांना त्याचे अमेरिकेतील एकस्व १९१८ मध्ये मिळाले. यात रोमन लिपीतील नावाचे आद्याक्षर तसेच ठेवतात, पुढील स्वर आणि एच्, डब्ल्यू, वाय् ही अक्षरे गाळतात व उरलेल्या व्यंजनांना १ ते ६ अंक देतात (उदा., बी, एफ्, पी, व्ही यांना १, डी, टी यांना ३, एम्, एन् यांना ५). लागून आलेली समान अंकाची अक्षरे एकदाच मोजतात आणि तीन अंक पुरे करतात. कमी पडल्यास शून्ये जोडतात. अमेरिकेत १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानंतर असंख्य वृद्धांना वयाचा पुरावा हवा होता. परंतु त्यांच्या जन्मकाळी जन्मनोंदणी सार्वत्रिक नव्हती. म्हणून १८८० च्या जनगणनेतील, दहा वर्षांपर्यंतची मुले असलेल्या कुटुंबांची सूची या विधीने तयार करण्यात आली. प्रगणकाने नाव कसेही लिहिले असले, तरी नोंद हाती लागावी हा हेतू होता.

या विधीचे गुणदोष मराठी आडनावांवरून चांगले दिसतात. ‘शिंदे’ व त्याचे इंग्रजी वळणाचे रूप ‘सिंदिया’ या दोहोंचा संकेतांक ‘एस् ५३०’ असाच येतो, हे यशच म्हणावयाचे. पण सावंत, संत आणि स्मिथ यांचाही संकेतांक तोच आहे. उलट ‘भोसले’ हे आडनाव रोमन लिपीत ‘एन्’ घालून लिहिले की ‘बी २४०’ ऐवजी ‘बी ५२४’ होते आणि एकाच घराण्याच्या नोंदी दोन ठिकाणी जातात. ‘वागळे’ कोणी डब्ल्यूने, कोणी व्हीने लिहितात. आद्याक्षर बदलल्यामुळे त्या नोंदी कधीच एकत्र येत नाहीत. पूर्व यूरोपीय नावांसाठी १९८५ मध्ये तयार झालेला डाइच–मोकोटॉफ विधी आणि लॉरेन्स फिलिप्स यांचा मेटाफोन (१९९०) हे अशाच उणिवा दूर करण्याचे प्रयत्न होत.

दुसऱ्या वर्गाचा पाया रशियन गणितज्ञ व्लादिमिर लेव्हेन्श्टाइन यांनी १९६५ मध्ये घातला. एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यास अक्षर घालणे, गाळणे वा बदलणे यांपैकी किमान जितक्या क्रिया लागतात, तितके त्यांचे अंतर. फ्रेडरिक डॅमरो यांनी १९६४ मध्येच असे दाखविले होते की, लेखनातील ८० टक्क्यांहून अधिक चुका या तीन क्रिया व लगतच्या दोन अक्षरांची अदलाबदल यांपैकी एकीनेच घडतात. भोसले नावाची वरील दोन लेखने या मापाने फक्त १ अंतरावर आहेत. मात्र एक लाख नावांच्या यादीत प्रत्येक नाव प्रत्येकाशी ताडावयाचे, तर सु. ५०० कोटी जोड्या होतात. म्हणून व्यवहारात प्रथम संकेतांकाने गट पाडून गटापुरतेच अंतर मोजतात. असे करताना पहिल्या चाळणीत सुटलेली जोडी पुढे सापडत नाही, ही त्याची किंमत होय. व्यक्तिनामांसाठी जारो–विंक्लर हे माप अधिक सोयीचे ठरते. ते ० ते १ या दरम्यान असते व सुरुवातीच्या चार अक्षरांपर्यंतच्या साम्याला जादा वजन देते.

देवनागरीला हे विधी जसेच्या तसे लावता येत नाहीत. ‘क्षेत्र’ या शब्दात वाचकाला दोन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये त्याची सात चिन्हे होतात. त्यामुळे अंतर कोणत्या एककात मोजावयाचे, हे आधी ठरवावे लागते. ‘अंबर’ व ‘अम्बर’ एकच मानावेत हे उघड आहे. श व ष यांचेही तसेच. परंतु र्‍हस्व-दीर्घ एक मानले की ‘दिन’ व ‘दीन’ हे भिन्नार्थी शब्द एकत्र येतात. नावांच्या शोधात हे चालते, शुद्धलेखन-तपासणीत चालत नाही. याउलट ‘चार’ व ‘चाक’ यांतील च चे उच्चार वेगळे असूनही लेखन एकच असल्याने केवळ अक्षरे पाहणाऱ्या विधीला हा भेद कळत नाही. त्यासाठी उच्चारकोशाचीच जोड द्यावी लागते.